लिहिण्याआधी स्वतःची जागा ठरवा
कोल्हापूर परिसराविषयी तुम्ही नव्याने लिहू लागला आहात, म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ‘इथे’, ‘पलीकडे’, ‘आम्ही’, ‘उद्या’ या शब्दांचा अर्थ, बोलणारा कोण आणि तो कुठे व केव्हा बोलतो आहे हे कळल्याशिवाय पक्का होत नाही. समोरासमोर बोलताना हातवारे मदतीला येतात. कागदावर ती सोय नसते. म्हणून ‘नदीपलीकडचे गाव’ असे मोघम न लिहिता ‘पंचगंगा घाटावरून पाहता समोरच्या तीरावरचे गाव’ असे लिहावे. गगनबावड्याहून घाट उतरणे आपल्याला ‘खाली कोकणात’ जाणे वाटते, तर कोकणातल्या माणसाला आपण ‘घाटावरचे’ असतो.

सर्वांत जपावे लागते ते सर्वनामांना. ‘आम्ही पन्हाळ्यावर जाणार आहोत’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो, ‘आपण जाणार आहोत’ म्हटले की तो सोबत धरला जातो. शिवाय आदराने संबोधतानाही ‘आपण’ येते, त्यामुळे एकाच मजकुरात ते दोन्ही अर्थांनी वापरू नये.

‘उद्या तुमच्याकडे येतो’ यातले ‘येणे’ ऐकणाऱ्याच्या जागेवरून मोजलेले असते. (निरोप घेतानाचे ‘येतो’ मात्र रूढीचे आहे; तिथे तर्क लावू नये.)

मुलाखतीचे शब्दांकन करताना विशेष सावध राहावे, कारण ‘दादा म्हणाले की मी येईन’ यातला ‘मी’ दादा की लिहिणारा, हे मराठीत वाक्यावरून ठरत नाही. अशा वेळी दादांचे शब्द अवतरणचिन्हांत द्यावेत किंवा ‘दादांनी स्वतः येण्याचे कबूल केले’ अशी वाक्यरचना करावी.