पायजम्याच्या नाडीवर रिव्हॉल्व्हर टिकत नाही

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं: नाशिकमधले एक निवृत्त पोलीस आर्मोरर, म्हणजे पोलिसांची शस्त्रं सांभाळणारे-दुरुस्त करणारे)

प्रश्न: मी निफाड तालुक्यातला कांदा व्यापारी. लिलाव झाला की शेतकऱ्यांना पैसे चुकते करावे लागतात आणि बरेच जण रोखच मागतात. म्हणून पिंपळगावच्या बँकेतून रक्कम घेऊन मोटारसायकलवर येणं-जाणं असतं. दिवाळीनंतर दोघांनी बराच वेळ पाठलाग केला, तशी पोलिसांत तक्रारही दिली आहे. माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. तो म्हणतो, नऊ एमएमचं छोटं पिस्तूल घे, तिकडे तीनशे डॉलरच्या आसपास मिळतं, कपड्याखाली दिसतही नाही. इथे स्वस्तातलं चांगलं कोणतं घ्यावं? लायसन्सचं मी बघून घेईन.

उत्तर: भाऊ, लायसन्सचं ‘बघून घेईन’ म्हणून भागत नाही. या कामात पहिली पायरी तीच आणि निम्मा वेळही तिथेच जातो.

आधी भाच्याचं घेऊ. त्याचं त्याच्या गावापुरतं बरोबर आहे. टेक्सासमध्ये सप्टेंबर 2021 पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगून फिरता येतं. तिथल्या दुकानात ब्राझीलच्या टॉरसपासून सगळं मांडलेलं असतं. आपल्याकडे नऊ एमएम हा बोअरच (म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) सामान्य नागरिकाला बंद आहे. तो लष्कर-पोलिसांचा. .38 चंही तेच. आपल्या वाट्याला येतो तो मुख्यतः .32, आणि हौसेपुरता .22. त्यात खासगी आयात 1980 च्या दशकातच थांबली. त्यामुळे जुनं विलायती वेबली किंवा स्मिथ अँड वेसन कुणी विकायला काढलंच, तर त्याची किंमत ऐकून तुम्ही दोन ट्रॅक्टर कांदा विकायला काढाल. ते खानदानी लोकांचे षोक, आपण तिकडे फिरकू नये.

उरतो तो मुख्यतः सरकारी कारखान्याचा माल. कानपूरचं .32 रिव्हॉल्व्हर मी कितीतरी वेळा उघडून साफ केलं आहे. दिसायला ओबडधोबड, पण इमानदार. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, नळी तीन इंची, आत सहा गोळ्या. वरची कडी अंगठ्याने दाबली की नळी पुढे मोडते आणि आतली चकती सगळी रिकामी काडतुसं एकदम वर उचलते. 2014 साली आलेलं ‘निर्भीक’ त्याचंच हलकं भावंड, टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं. बाजारात आलं तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. हलकं म्हणून लोक त्याच्यावर भाळतात, पण हलकं हत्यार हातात जास्त उसळतं. 2023 मध्ये ‘प्रबल’ आलं. त्याचं गोळ्या भरायचं चक्र बाजूला उघडतं, त्यामुळे भरणं-रिकामं करणं सोपं. पिस्तूलच हवं असेल तर ईशापूरच्या कारखान्याचं ‘अशनी’ आहे, तेही .32 चंच.

माझं मत विचाराल तर तुम्ही रिव्हॉल्व्हर घ्या, आणि साधं सातशे ग्रॅमवालं घ्या. कारण सांगतो. गोळी फुसकी निघाली तर रिव्हॉल्व्हरचा घोडा (म्हणजे बोटाने ओढायचा चाप) पुन्हा ओढायचा, पुढची गोळी आपोआप समोर येते. पिस्तुलात अडकली तर दोन्ही हातांनी स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे खेचायची, अडकलेली काढायची, नवी चढवायची. हे शिपायांना जमायलाही कवायत लागते, आणि तुमचा एक हात तर पैशाच्या पिशवीवर असणार. आणखी एक गोष्ट दुकानदाराकडून नीट समजून घ्या: रिव्हॉल्व्हरचं .32 काडतूस आणि पिस्तुलाचं .32 काडतूस वेगवेगळं असतं. रिव्हॉल्व्हरचं लांब. डब्यावर आकडा तोच दिसला म्हणून एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

‘स्वस्तात’ म्हटलं की सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या उमर्टीचा गावठी कट्टा दाखवणारा कुणीतरी हमखास भेटतो. त्याला चहाही पाजू नका. तुरुंगाचं राहू द्या, पण कसल्याशा पाइपची ती नळी तुमच्याच पंजात फुटायची. असे हात पंचनाम्याच्या टेबलाशी उभं राहून मी पाहिले आहेत.

आता लायसन्स. तुम्ही ग्रामीण हद्दीत राहता, तेव्हा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. शहरात राहत असता तर पोलीस आयुक्तांकडे. चौकशी तुमच्या पोलीस ठाण्याकडून होते. पाठलागाची तक्रार, बाजार समितीचा व्यापारी परवाना, बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रं जोडा. ‘जिवाला धोका’ एवढंच लिहून कुणी हलत नाही. शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. अर्ज नाकारला तर लेखी कारणं मागा, अपील करता येतं. मिळालं की लायसन्स पाच वर्षांचं, आणि ते हातात पडेपर्यंत कुणालाही बयाणा देऊ नका.

लपवून बाळगण्याबद्दल: 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असावं लागतं. म्हणजे झाकणं ही आपल्याकडे हौस नाही, सक्तीच आहे. गाडीच्या डिकीत टाकून बँकेत जाणं बसत नाही. आणि इथे तुमच्या पोशाखाचा प्रश्न येतो. लिलावात तुम्ही मंडळी सदरा-पायजमा घालता. सातशे ग्रॅमचं लोखंड पायजम्याच्या नाडीवर खोचलं तर किक मारताना ते घोट्यापर्यंत जाईल. पँट घाला, दोन बोटं रुंद जाड कातडी पट्टा घ्या आणि घोडा पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर त्यात ओवा. हत्यारात पैसे वाचवा, पट्टा-होल्स्टरमध्ये नको. सदरा वरून सोडला की काम झालं. कुणाला दाखवायचं नाही, लग्नाच्या वरातीत तर नाहीच. आनंदाने हवेत गोळी झाडली तरी 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही.

सरावाला पैसे राखा. रिव्हॉल्व्हरचा घोडा लांब आणि जड ओढावा लागतो, त्यामुळे नवख्याची पहिली गोळी हमखास लक्ष्याच्या पायाशी मातीत जाते. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, हत्यार रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, नळीच्या टोकाशी एक नाणं ठेवा आणि ते न पाडता घोडा ओढायला शिका. नंतर नेमबाजीच्या रेंजवर जा. घरी कुलूपबंद कपाट लागतं, गोळ्या वेगळ्या कुलपात. निवडणुका आल्या की पोलीस शस्त्र जमा करायला सांगतात. बोलावणं आलं की मुकाट्याने जमा करा, पावती घ्या.

आणि मोटारसायकल चालवताना मागून कुणी पिशवी ओढली, तर हे हत्यार तुमच्या कामाचं नाही. ते पिशवी घेऊन पळत सुटले आणि तुम्ही पाठीत गोळी घातली, तर आरोपी तुम्ही. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 कलमांत खासगी बचावाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा नाही. म्हणून लायसन्स येईपर्यंत, आणि आल्यावरही, जमेल तेवढ्यांचे पैसे खात्यावर टाका, बँकेची वेळ आणि रस्ता बदलत राहा आणि रक्कम मोठी असेल तेव्हा चारचाकीतून दोघं जा. शेतकऱ्याला मालाचे पैसे रोख द्यायला आयकरात सवलत आहे, हे मला ठाऊक आहे. पण सवलत आहे म्हणून रोज पोतं भरून नोटा आणायच्या असं थोडंच आहे?

प्रश्न: माझे यजमान गेल्या महिन्यात वारले, वय चौऱ्याहत्तर. त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात आहे. मुलगा म्हणतो राहू दे, आठवण आहे. काय करू? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: ताई, राहू देऊ नका. परवाना त्यांच्या नावाचा होता, त्यांच्याबरोबरच संपला. विनाकारण उशीर न करता हत्यार आणि गोळ्या जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. स्वतः उघडायला, रिकामं करायला जाऊ नका. आधी ठाण्यात फोन करून सांगा, जाणकार माणूस पाठवायला सांगा. परवान्याचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला जवळ ठेवा, आणि पावतीवरचा हत्यार क्रमांक पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळतो का तेवढं पाहा. मुलाला हवंच असेल तर वारस म्हणून त्याने पोलीस आयुक्तालयात अर्ज करावा. सत्तरी उलटल्यावर हयातीतच वारसाच्या नावे करता येतं, ते यजमानांनी केलं असतं तर सोपं गेलं असतं. आता तुमच्या इतर मुलांची संमतीही लेखी घेऊन ठेवा, नाहीतर आठवणीवरून भावाभावांत जुंपते.