फुटलेली बरणी केरात टाकू नका

ताई, घर हलवून लातूरहून संभाजीनगरला येताना सासूबाईंची लोणच्याची बरणी फुटली हे कळल्यावर फार वाईट वाटलं. तुकडे मात्र टाकू नका. खोक्याच्या तळाशी, रद्दीच्या घड्यांत तांदळाएवढ्या कपच्या अडकून राहतात, त्याही शोधा.

फेविक्विक नको, ते लगेच धरतं, तुकडा सरकवायला वेळच मिळत नाही. दोन नळ्यांचं अरल्डाइट आणा. तुकडे धुऊन, पूर्ण वाळवून आधी कोरडेच जुळवून बघा, मग बुडापासून वर चिकटवत या. कागदी टेप लावून 24 तास हात लावू नका. नंतर कितीही पक्की वाटली तरी तिच्यात लोणचं भरायचं नाही. डाव, पळ्या ठेवा.

सामानात एखादा जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला निघाला तर तो ओढू नका, आधी काचेसकट त्याचा फोटो काढा.

बिल्टी, म्हणजे ट्रकवाल्याने सामान बुक करताना दिलेली पावती, जपून ठेवा. ट्रकवाल्याकडून भरपाई हवी असेल तर रस्त्याने मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते.

आणि सासूबाईंना आजच सांगा, दुसऱ्याकडून कळलं तर जास्त लागेल. देवघर आणि ओटा लावून घ्या, बाकीची खोकी दिवाळीपर्यंत राहिली तरी चालतील.