कोणत्या छायाचित्रकाराचं काम नियमित पाहण्यासारखं आहे, हे कसं ओळखायचं?

सुंदर फोटो काढणारे ढिगाने सापडतात. फोटो कसा घडला हे मोकळेपणाने दाखवणारे फार थोडे, आणि मी त्यांनाच धरून राहतो.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचं ‘मायग्रंट मदर’ (१९३६) हे एका स्थलांतरित मजूर आईचं छायाचित्र घ्या. या आईच्या त्याच भेटीत काढलेल्या इतर फ्रेम्सही (म्हणजे इतर फोटोही) अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. एका फ्रेममध्ये अख्खा तंबू दिसतो. गाजलेल्या फ्रेममध्ये मात्र आईचा चेहरा, गालाजवळ नेलेला हात, पाठमोरी मुलं आणि मांडीवरचं तान्हं बाळ, बस्स. या फ्रेम्स शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की काय गाळायचं हे जितकं कळतं, तितकं कुठल्याही नियमाने कळत नाही.

कॅमेऱ्याच्या सेटिंगचे नुसते आकडे देणाऱ्याकडून फारसं हाती लागत नाही. ‘शटर १/१५ सेकंद उघडं ठेवलं आणि सायकलवाल्याबरोबर कॅमेरा फिरवला, म्हणून तो स्पष्ट आला आणि मागची भिंत ओढल्यासारखी पुसट झाली’ असं कारणासकट सांगणारा हवा. नव्या लेन्सचंच कौतुक सुरू असेल तर मी सरळ पुढे जातो.

अजून एक बघा: तो एकाच विषयाकडे वर्षानुवर्षं परत जातो का? माझ्या मते ही सगळ्यात पक्की खूण.