दोन लाख वाचक, दीडशे वर्गणीदार

प्रश्न : आमचं संगमनेरचं साप्ताहिक आता पूर्णपणे ऑनलाइन आहे. गूगल ॲनालिटिक्स महिन्याला २ लाख वाचक दाखवतं, पैसे भरलेले वर्गणीदार मात्र १५०. चुकतंय कुठे?

उत्तर : आधी ते २ लाख तपासू. ॲनालिटिक्स ज्याला ‘युजर’ म्हणतं तो माणूस नसतो, ब्राउझर असतो. एकच गृहस्थ सकाळी मोबाइलच्या क्रोमवर, दुपारी कचेरीतल्या संगणकावर आणि रात्री फेसबुकच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये तुम्हाला वाचतात. खात्यावर तीन वाचक जमा! आयफोनवाल्यांची आणखी वेगळीच तऱ्हा. मोजणीसाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची खूण, म्हणजे कुकी, त्यांचा सफारी ब्राउझर सात दिवसांत पुसतो. त्यामुळे पंधरवड्यातून एकदा येणारा तुमचा जुना वाचक दर वेळी नवा म्हणून नोंदला जातो. त्यात एखादी बातमी गूगल डिस्कव्हरमध्ये (मोबाइलवर गूगल आपणहून सुचवतं त्या बातम्यांत) वर चढली, की दोन दिवस झुंबड उडते आणि तिसऱ्या दिवशी शुकशुकाट. ती जत्रेतली गर्दी झाली, गावात राहायला आलेली माणसं नव्हेत. जाहिरातदाराला दाखवायला हा आकडा ठीक आहे. वर्गणीचा अंदाज त्यावरून बांधू नका.

वर्गणीसाठी बघायचं ते हे : तोच वाचक महिन्यातल्या किती वेगवेगळ्या दिवशी आला? लंडनचं ‘फायनान्शियल टाइम्स’ प्रत्येक वाचकाला तीन गोष्टींवरून गुण देत आलं आहे. शेवटचा कधी आला, किती वेळा आला आणि किती वाचलं. पैसे मोजणाऱ्या वाचकांचा १० लाखांचा टप्पा त्यांनी २०१९मध्ये ओलांडला.

तुम्हाला हे करायचं तर आधी मोफत लॉगिन ठेवा आणि लॉगिन केलेल्या प्रत्येकाचा क्रमांक ‘युजर आयडी’ म्हणून ॲनालिटिक्सला पाठवा. (ईमेल किंवा मोबाइल नंबर पाठवू नका, गूगलच्या नियमांत ते बसत नाही.) मग महिन्यात आठ किंवा जास्त दिवस आलेले वाचक वेगळे काढा. समजा ते २,५०० निघाले, तर तुमचे १५० म्हणजे त्यातले ६ टक्के झाले. मग रडायचं कारण नाही. पण लॉगिन वाढवायला मात्र लागायचं.

जाता जाता एक : ॲनालिटिक्सच्या सेटिंगमध्ये ‘डेटा रिटेन्शन’ (वाचकांची माहिती किती काळ साठवायची ते) मुळात २ महिन्यांवर असतं. ते आजच १४ महिन्यांवर न्या. निघून गेलेले महिने परत मिळत नाहीत.

प्रश्न : पणजीहून लिहितोय. आमचे निम्मे वाचक ‘डायरेक्ट’ दिसतात. इतके लोक आमचा पत्ता टाइप करून येतात, यावर माझा विश्वास बसत नाही.

उत्तर : बसूही देऊ नका. ते बहुतेक व्हॉट्सॲपवरून येतात. आपण कुठून आलो हे व्हॉट्सॲपची लिंक सहसा सांगत नाही, आणि ॲनालिटिक्स अशा बेवारशांना ‘डायरेक्ट’च्या रकान्यात टाकतं. तुम्ही स्वतः ग्रुपवर टाकता त्या लिंकच्या शेवटी वाचक कुठून आला ते सांगणारी यूटीएमची खूण जोडा, प्रत्येक ग्रुपला वेगळी. वाचकांनी एकमेकांना पाठवायची म्हणून पानावर व्हॉट्सॲपचं बटण ठेवलं असेल, तर त्यातल्या लिंकलाही जोडा. एवढ्याने बराच उजेड पडेल.

प्रश्न : महिन्याला ५ टक्के गळती म्हणजे जास्त का? आमचं सॉफ्टवेअर तो आकडा हिरव्या रंगात दाखवतं.

उत्तर : रंगावर जाऊ नका. महिन्याला ५ टक्के म्हणजे आज आलेल्या १०० जणांतले वर्षाअखेरीस ५४ उरतात. जवळजवळ अर्धं घर रिकामं.

पण त्याहून महत्त्वाचं, ही गळती कुठली? वाचकाने विचार करून वर्गणी बंद केली, की पैसेच कापले गेले नाहीत? डॅशबोर्डवर दोघंही एकाच रकान्यात बसतात. मी पूर्वी एका प्रकाशनाचा वर्गणी विभाग सांभाळत होते. एका महिन्यात गळती एकदम वाढली. संपादकीय बैठकीत लेखांवर खापर फुटलं, एक सदरही बंद झालं. पुढे पेमेंट गेटवेची (वाचकाकडून पैसे वसूल करून देणाऱ्या सेवेची) यादी ओळीओळीने वाचली तेव्हा कळलं, की गेलेल्यांतल्या बहुतेकांनी काही बंद केलंच नव्हतं. मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानग्या, अडकले होते. त्या सदराच्या लेखकाला मी अजून तोंड दाखवायचं टाळते.

भारतात हा प्रश्न जास्त बोचतो. रिझर्व्ह बँकेचे आपोआप वसुलीचे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून काटेकोर लागू झाले आणि जुन्या पद्धतीने कार्डावर चालणाऱ्या असंख्य वर्गण्या तेव्हा थांबल्या. पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना जाते. ओटीपीशिवाय चालणारी रक्कम आधी ५,००० रुपये होती, जून २०२२मध्ये ती १५,००० झाली. म्हणजे तुमची ४९९ रुपयांची वर्गणी मर्यादेत बसते, पण ती सूचना येताच माणूस थबकतो : ‘हे काय बरं?’ गेटवेवरचं नाव तुमच्या कंपनीचं आणि वाचकाला माहीत असलेलं नाव तुमच्या साप्ताहिकाचं, मग तो वसुली रद्द करणारच. तेव्हा दोन दिवस आधी तुमच्याच नावाने साधा मराठी निरोप पाठवा. खात्यात पैसे नाहीत म्हणून वसुली फसली, तर पुढचा प्रयत्न पगार झाल्यावर, ५ तारखेच्या सुमाराला ठेवा. यूपीआय ऑटोपे २०२०पासून आहे. तो पर्याय पैसे भरायच्या पानावर सगळ्यात वर हवा.

प्रश्न : आमचं न्यूजलेटर ६० टक्के लोक उघडतात, पण लिंकवर कुणी जात नाही. मथळे चांगले आणि मजकूर वाईट, असं समजायचं का?

उत्तर : तसं असेलही, पण या आकड्यावरून ते ठरत नाही. पत्र उघडलं हे कळतं ते आतलं अदृश्य चित्र उतरवलं गेल्यामुळे. सप्टेंबर २०२१पासून ॲपलचं मेल ॲप, वाचकाने परवानगी दिली असेल तर, पत्र उघडलेलं नसतानाही ती चित्रं आधीच उतरवून ठेवतं. अमेरिकेतले मराठी वाचक तुमच्या यादीत बरेच असतील, तर आकडा असा फुगतो. उलट बाजूही आहे. १०२ केबीपेक्षा मोठं पत्र जीमेल मध्येच कापतं. चित्र तळाशी असेल तर उघडलेलं पत्रही न उघडलेलं ठरतं. रोमनमधलं अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. काना-मात्राही वेगळे मोजले जातात. म्हणून आपली पत्रं लवकर फुगतात. लांबलचक पत्र पाठवत असाल तर ते छाटा, आणि मोजायचंच तर क्लिक आणि उत्तरं मोजा.

प्रश्न : सगळं एकत्र करणारं एकच सॉफ्टवेअर सुचवा. आमचे वर्गणीदार ३००.

उत्तर : पियानोसारखी वर्गणी सांभाळणारी साधनं मोठ्या वृत्तसंस्थांसाठी आहेत. कुठली बातमी किती वाचली जाते ते दाखवणारी चार्टबीट आणि पार्सली बातमीच्या टेबलावर उपयोगी, वर्गणीचा हिशेब हे त्यांचं मुख्य काम नव्हे. वेबसाइट आणि वर्गणी दोन्ही चालवणारं घोस्ट मला आवडतं, व्यवहारामागे स्वतःचा वाटा घेत नाही (तसंच काम करणारं सबस्टॅक १० टक्के घेतं), पण त्याची वसुली स्ट्राइप या पेमेंट गेटवेवर चालते. भारतात स्ट्राइपचं खातं मिळतं का, ते आधी बघा, मगच वेबसाइट हलवा. आकडे स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचे असतील तर ॲनालिटिक्ससारखंच मटोमो.

३०० वर्गणीदारांना मात्र एक एक्सेल पुरतं. जुन्या नियतकालिकांकडे वर्गणीची वही असायची ना, तशीच आखा. आडव्या ओळीत वाचक कुठल्या महिन्यात आला ते, उभ्या रकान्यांत पुढचे महिने आणि गेला असेल तर कारण. सॉफ्टवेअरवाले यालाच कोहॉर्ट म्हणतात आणि वर्षाची फी लावतात.