चायनीज एल्म बोन्सायची पानं पिवळी होऊन गळतायत. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ते वाचेल का?

आधी झाड जिवंत आहे का ते बघा. एखादी काडी नखाने हलकेच खरवडा. सालीखाली हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी लागलं तर तसंच खोडाकडे सरकत जा आणि हिरवं लागेल तिथपर्यंतची वाळकी काडी कापून टाका.

झाड खरंच एल्म आहे ना, हेही तपासा, कारण त्या नावाखाली कार्मोना हे दुसरं बोन्सायचं झाडही विकलं जातं. एल्मच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते. कार्मोनाचं पान गडद, चकचकीत आणि वरून बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं असतं.

तुम्ही लिहिलंय की कुंडी हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे आणि रोज सकाळी कपभर पाणी घालता. खरं दुखणं तेच आहे. एल्म हे घरात ठेवायचं झाड नव्हे. हॉलमधला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, झाडाला तो पुरत नाही. उजेड कमी म्हणजे पानं पाणी कमी ओढतात, माती चिकट ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. पानं पिवळी दिसली की आपण आणखी पाणी ओततो! जास्त पाण्याने पान पिवळं आणि मऊ होऊन गळतं, कमी पाण्याने कुरकुरीत होतं.

कुंडी बाहेर काढा, पण थेट उन्हात नको. आठवडाभर सावलीत, मग सकाळचं चार तास ऊन. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि लू (उन्हाळ्यातला गरम वारा) चालते, तेव्हा 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी हवीच. गच्चीच्या तापल्या फरशीवर उथळ कुंडी खालून भाजते, म्हणून ती दोन विटांवर ठेवा.

पाण्याला वेळापत्रक नको. बांबूची काडी मातीत इंचभर खोचून दहा मिनिटांनी काढा. ओली निघाली तर थांबा. कोरडी निघाली तर तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत पाणी घाला, पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. लू चालू असताना दिवसातून दोनदा लागेल, पावसाळ्यात कित्येक दिवस लागणारही नाही. वर खडे चिकटवलेले असतील तर आधी काढा, नाहीतर पाणी कडेने निघून जातं. आरओचं वाया जाणारं पाणी अजिबात घालू नका, त्यात क्षार साठलेले असतात.

मुळं छाटून कुंडी बदलायची वेळ फेब्रुवारीची, कळ्या फुगायच्या आधी. तेव्हा एक तृतीयांश मुळं कापलेली चालतात. आत्ता फक्त मुळांचा मातीसकट गोळा अलगद बाहेर काढून बघा. मुळं काळी, बुळबुळीत, वास येणारी असतील तेवढीच कापा आणि नव्या मिश्रणात लावा: दोन भाग विटांचा चुरा (3 ते 5 मिमीचा, धूळ चाळून काढलेला), एक भाग जाड वाळू, एक भाग पानांचं कुजलेलं खत. भोकांवर जाळी लावा आणि झाड तारेने कुंडीला बांधा. हलत राहिलं तर नवी मुळं तुटतात.

खत सहा आठवडे बंद. आजारी झाडाला खत देण्याची घाई सगळ्यांनाच असते, पण दुखऱ्या मुळांना ते जाळतं. नवे फुटवे जोमात आले की 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा.

फुटव्याला सहा-सात पानं आली की दोन ठेवून कापा. पुढचा फुटवा शेवटच्या पानाच्या बगलेतून, त्या पानाच्या दिशेने निघतो, म्हणून कोणतं पान राखायचं ते आधी ठरवा. नुसत्या कात्रीनेही एल्मला छान आकार देता येतो. तार लावलीच तर पावसाळ्यात दर आठवड्याला बघा, फांदी पटकन जाड होते आणि तार सालीत रुतते.

कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी (पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड) येतो. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. ठिपके चालताना दिसले तर पानांच्या खालून पाण्याचा जोरात फवारा मारा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा. नाहीच गेला तर संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण.

आणि जानेवारीच्या थंडीत पानं झडली तर घाबरू नका, एल्म तेव्हा विश्रांती घेतो. पाणी कमी करा, मार्चमध्ये पालवी येईल.