सोलापूरहून एका दिवसात कुत्र्याला घेऊन धबधब्याला जाता येईल का? कुठे जावं आणि काय काळजी घ्यावी?

जाता येतं, आणि त्यासाठी पार सह्याद्रीत जायची गरज नाही. नळदुर्गला जा. हैदराबाद रस्त्याने तासाभराचं अंतर आहे. किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीच्या काळातला बंधारा आहे, त्याच्या भिंतीतच पाणीमहाल, आणि भिंतीवरून कोसळतात ते नर-मादी धबधबे.

फक्त वेळ साधा. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात. वरचं बोरी धरण भरून वाहू लागलं की धबधबा रंगात येतो. जुलैत इतरांचे लोणावळ्याचे फोटो बघून निघालात, तर कोरडी भिंत बघून परत याल. धरण भरल्याची बातमी आली की आठवड्यातला मधलाच एखादा वार पकडा, रविवारच्या गर्दीत कुत्रं बिथरतं.

किल्ला संरक्षित स्मारक आहे, तेव्हा कुत्र्याला आत सोडतील का ते गेटवर आधी विचारा. नाही म्हणाले तर घरच्यांपैकी कुणीतरी त्याच्याजवळ सावलीत थांबावं. गाडीत कोंडायचं नाही, काच चार बोटं उघडी ठेवूनही नाही. पाणीमहालात तर परवानगी असली तरी नेऊ नका. आमच्या मोत्याने तोंडाशीच चारी पाय रोवले होते, कान मागे, शेपूट पोटाशी. आतून पाण्याचा घुमणारा आवाज येत होता, पायऱ्या ओल्या होत्या. आम्ही आळीपाळीने जाऊन आलो.

काही जण तुम्हाला येडशीचं रामलिंग सुचवतील. जागा सुंदर आहे, पण ते अभयारण्य आहे आणि माकडंही भरपूर. कुत्र्याला तिथे नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेच नान्नजच्या माळाचं. माळढोक पक्षी जमिनीवर अंडी घालतो, आणि आपल्या कुत्र्यांचे रोग लांडग्या-कोल्ह्यांना लागतात.

सप्टेंबरातलं ऊनही हलकं समजू नका. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच गार होतं, आणि दमट हवेत तेही नीट जमत नाही. सकाळी लवकर पोचा. दगडावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. जीभ गडद लाल, लाळ चिकट आणि चाल डगमगती दिसली, तर लगेच सावलीत घ्या, पोटावर आणि मांड्यांत साधं पाणी ओता, वारा घाला आणि थेट डॉक्टर गाठा. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंचा आजार) होऊ शकतो. त्याची लस निघण्याआधी झालेली हवी.

डब्यात त्याच्यासाठी दही-भाकरी वेगळी बांधा. आपल्या शेंगाचटणीत लसूण असतो, तो कुत्र्याला बाधतो, त्यामुळे चटणी लागलेला तुकडा देऊ नका. वाटेत मेंढरं दिसली की साखळी आखडती घ्या. धनगरांची कुत्री कळपाजवळ परक्या कुत्र्याला येऊ देत नाहीत.

घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, काखा आणि कान उजेडात तपासा. गोचीड तर असतेच, पण मला जास्त धास्ती गवताच्या कुसळाची. त्याचं टोक अणकुचीदार, त्यावर उलटे केस; एकदा कातडीत शिरलं की चालताना आत आतच सरकतं. मोत्याच्या पुढच्या पायाच्या बेचक्यात एक निघालं होतं, वरून नुसता ओला ठिपका दिसत होता. कुत्रं एकाच बाजूला डोकं झटकत राहिलं तर कानात तेल ओतू नका, सकाळीच डॉक्टरांकडे न्या.