जळगावात नळाला पाणी आले नाही, तर नगरसेवकाला जाब विचारून उपयोग होतो का?

थोडाफार होतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार अंमलबजावणीचे अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. नगरसेवक सभागृहात प्रश्न मांडतो, अंदाजपत्रकावर मत देतो, पण वाघूर धरणातून येणारे पाणी कोणत्या भागात किती वाजता सोडायचे, हे पाणीपुरवठा विभागच ठरवतो. 2018 च्या निवडणुकीत बहुतेक प्रभागांना चार-चार नगरसेवक मिळाले आणि एकमेकांकडे बोट दाखवण्याची आयतीच सोय झाली. डाळमिलमध्ये किंवा चटईच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या माणसाला मात्र खाडा करून पाणी भरावे लागते. म्हणून प्रभाग समितीच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच अवश्य घ्यावी.